इंजिनावरचा पिवळा दिवा

प्रिय ठमे,

सकाळी छापखान्यात जायला निघताना तू दारात थांबलीस आणि म्हणालीस, "बाबा, आज तरी नीट जेवाल ना?" मी मान हलवली. ताट अजून तसंच झाकलेलं आहे आणि त्याच्याच शेजारी हे पत्र लिहायला बसलोय. एकाच घरात राहणाऱ्या बापाने लेकीला पत्र लिहावं हे तुला चमत्कारिक वाटेल. पण गेले आठ दिवस मी तुझ्यासमोर तोंड उघडायचा प्रयत्न करतोय. परवा तू कपडे वाळत घालत होतीस, तेव्हा तुझ्या मागे येऊन उभा राहिलो. तू वळून म्हणालीस, "गुडघा दुखतोय का? उभे काय राहिलात, बसा बरं." आणि मी बसलो. बसलो तो बसलोच. तोंडाला जमत नाही ते हाताला जमतंय का बघतो. मध्येच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं.

तू चार वर्षांची असताना तुला माझ्या ड्युटीच्या पेटीचं भारी वेड होतं. मी आलो की आधी पेटी उघडायचीस, मग बापाकडे बघायचीस. लाल झेंडा, हिरवा झेंडा, हातदिवा, फटाक्यांचा डबा. डब्याला हात लावायचा नाही, हे तुला मार न खाता कळलं होतं, कारण मी तुला सांगितलं होतं की हे फटाके वाजवायचे नसतात, रुळावर बांधायचे असतात. पुढे धोका असला की त्यावरून चाक जातं, मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. तुझ्या आईने एकदा लाल झेंडा माझ्या बनियनांबरोबर भिजत घातला होता, आठवतंय? आठवडाभर मी गुलाबी बनियन घालून गाडी चालवली. इंजिनांचा सगळा शेड हसत होता. आणि तू शाळेत जायला तयारच व्हायची नाहीस, मी खिडकीतून हिरवा झेंडा दाखवीपर्यंत. एके दिवशी मी मुद्दाम लाल दाखवला, तर रस्त्याच्या कडेला खांबासारखी उभी राहिलीस. उन्हात. मी हसून आत गेलो आणि विसरलो. दहा मिनिटांनी तुझी आई ओरडली, "अहो, पोरगी अजून तिथेच उभी आहे!" मी धावत बाहेर आलो तर तू रडतही नव्हतीस. बाबांनी लाल दाखवलाय म्हणजे थांबायचं. विषय संपला.

तू अजूनही तशीच आहेस. माझ्यावरचा तुझा विश्वास मला आता सोसवत नाही.

त्या दिवसाचं तुला ठाऊक आहे तेवढं आधी लिहितो. सकाळचे साडेआठ. थंडी, आणि धुकं असं की जमिनीलगत पाण्यासारखं पसरलेलं, माणसाच्या डोक्यापर्यंत; त्याच्यावर मात्र लख्ख आकाश. मी आणि माझा सहायक लंबू मालगाडी घेऊन निघालो होतो. लंबूला इंजिनात शिरताना नेहमी वाकावं लागायचं, तरी रोज डोकं आपटायचा आणि म्हणायचा, "काका, हे इंजिन बुटक्यांनी बनवलंय." त्या दिवशीही आपटला. मधल्या मोठ्या पुलाच्या अलीकडे जोराचा धक्का बसला, ब्रेकचा दाब एकदम उतरला. खिडकीतून मागे पाहिलं तर मालाने भरलेला एक डबा रुळावरून उतरून शेजारच्या लाइनीवर आडवा झालेला. आणि त्या लाइनीवरून समोरून पॅसेंजर येणार होती.

अशा वेळी काय करायचं हे आम्हाला झोपेतही पाठ असतं. सहायकाने लाल झेंडा आणि फटाके घेऊन समोरच्या दिशेने धावत सुटायचं. ड्रायव्हरने इंजिनाच्या कपाळावरचा पिवळा दिवा लावायचा, तो लुकलुकायला लागला की समोरून येणाऱ्याने, कोणीही असो, थांबायचंच. मग भोंगा, मग वायरलेसवरून कंट्रोल ऑफिसला खबर. लंबूने पेटीतून झेंडा आणि डबा घेतला आणि उडी मारली. रुळांमधून तो धावत गेला. त्याने तीन फटाके बांधले. तिसरा बांधेपर्यंत पॅसेंजर आलीच. नियम असा की फटाका बांधला की बाजूला व्हायचं. पण गाडीचा वेग काही कमी होईना, तेव्हा तो रुळांमध्येच झेंडा हलवत उभा राहिला. गाडी थांबली, आडव्या डब्याच्या शंभरएक पावलं अलीकडे. आत चारशेवर माणसं होती, एकालाही ओरखडा नाही. लंबू मात्र वाचला नाही.

पॅसेंजरच्या ड्रायव्हरने चौकशीत सांगितलं की धुक्यात बुडालेला माणूस त्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसला नाही; इंजिनाचं कपाळ धुक्याच्या वर होतं, पिवळा दिवा लागलेला असता तर लाइन सरळ होती, मैलभरावरून दिसला असता. दिवा लागला नाही. मी सांगितलं की मी बटण दाबलं होतं. तपासणाऱ्यांनी पॅनेल उघडलं, तर मागची तार स्क्रूमधून सुटलेली. दिवा तपासल्याच्या कागदावर सही होती शेडच्या इलेक्ट्रिशियनची, तुझ्या नवऱ्याची.

आता तू ऐकलं नाहीस ते.

लंबू उडी मारताना ओरडला होता, "काका, दिवा!" मी म्हणालो, "लावतो." हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी आधी वायरलेस उचलला. पलीकडून कंट्रोलवाला विचारत होता, कुठे, कितवा किलोमीटर, पुन्हा सांगा, आवाज येत नाही. मी सांगत होतो, ओरडत होतो, एका हाताने भोंगा वाजवत होतो. आणि डोक्यात कुठेतरी पक्कं बसलं होतं की दिवा लागलेला आहे, कारण मी 'लावतो' म्हणालो होतो. छत्तीस वर्षं हे काम केलं, ठमे. छत्तीस वर्षांत जे एकदाच करायची वेळ आली, ते मी केलं नाही. बटण मी दाबलंच नाही.

फटाके वाजले, तीन. मग ब्रेकचा तो लांबलचक आवाज. मी खाली उतरून धावलो. काय पाहिलं ते लिहीत नाही. परत इंजिनात चढलो तेव्हा पॅनेलकडे नजर गेली आणि बटण बंदच दिसलं. मी ते दाबलं. का दाबलं, मला माहीत नाही. कदाचित आता तरी केल्याने काही होईल असं वाटलं असेल. बाहेर धुक्यावर पिवळा उजेड पडायला लागला. लागतोय, विझतोय, लागतोय. व्यवस्थित. तुझ्या नवऱ्याने तपासलेला दिवा, चालणार नाही तर काय! पॅसेंजरच्या बाजूला तोवर लोक खाली उतरून गोळा झाले होते, इकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात मागून खडीवर आमच्या गार्डची पावलं वाजली. मी पॅनेलच्या मागे हात घातला आणि तार ओढली. दिवा विझला. गार्ड चढून आला, धापा टाकत म्हणाला, "दिवा का नाही लावलात?" मी म्हणालो, "दाबलं रे बटण. लागलाच नाही."

विचार करून केलं नाही, असं लिहिणार होतो. पण तार आपोआप हाताला लागत नाही, शोधावी लागते.

खरं सांगतो, त्या क्षणी कागदावर कोणाची सही आहे हे माझ्या मनातही नव्हतं. ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. सगळा शेड त्याला 'टेस्टर' म्हणतो, कारण वीज तपासायचा टेस्टर कायम कानावर खोचलेला असतो. लग्नातल्या फोटोतही आहे, तूच काढायला विसरली होतीस. त्या तिसऱ्या दिवशी चौकशीच्या साहेबांनी त्याचं नाव घेतलं. मी समोर बसलो होतो. जावई माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, मदत मागावी तसा. "बाबा, मी तार स्वतः आवळली होती. तुम्ही सांगा ना यांना, मी कसं काम करतो ते." साहेबांनी मला विचारलं, काय म्हणायचंय? निवृत्तीला चार महिने उरले होते. लंबूची आई बाहेर बाकावर बसली होती. मी म्हणालो, "माणूस चांगला आहे, पण चूक कोणाकडूनही होते." हे वाक्य मी म्हटलं, ठमे. माझ्याच तोंडाने, माझ्याच जावयाबद्दल.

त्याच संध्याकाळी तू बॅग घेऊन आलीस. मी काही विचारायच्या आतच म्हणालीस, "तो म्हणतो तार घट्ट होती. मी विचारलं, मग माझे बाबा खोटं बोलतायत का? तर म्हणाला, मग मी बोलतोय का?" आणि तू त्याला खोटारडा म्हणून, एका माणसाचा जीव घेऊन वर कानावर हात ठेवतोस म्हणून निघून आलीस. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तरी. पाच आठवडे झाले. रोज तू माझ्या पुढ्यात ताट ठेवतेस आणि रोज त्याच्यावर चिडतेस, आणि मी घास गिळतो.

लंबूच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा त्याच्या आईने माझा हात धरला आणि म्हणाली, "निदान तुम्ही तरी वाचलात. तो तुमचं फार सांगायचा." दुसऱ्यांदा गेलो ते सांगायचंच ठरवून. तिने दाराच्या चौकटीला वर बांधलेली चिंधी दाखवली. त्याचं डोकं आपटू नये म्हणून बांधली होती. "काढू का राहू दे, कळत नाही," म्हणाली. मी तसाच परत आलो. त्या दिवसापासून झोप नाही, अन्न जात नाही. तुला वाटतं मी लंबूच्या दुःखाने खंगतोय. शेजारीपाजारी तुला सांगतात, किती मायाळू आहेत तुझे बाबा. कान फुटावेत असं वाटतं. मनात नको ते विचारही येऊन गेले. घाबरू नकोस, तसं काही करणार नाही. तेवढी सुटका मला मिळायला नको.

काल दुपारी तू कामावर असताना मी जावयाकडे गेलो. तुमच्या घरी तो राहत नाही, शेडच्या मागच्या खोलीत पडून असतो. दाढी वाढलेली, स्टोव्हवर धूळ. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बटण, तार, सगळं. वाटलं, मारेल. मारावं असंच वाटत होतं. त्याने एकच विचारलं, "तिला सांगितलंत?" मी नाही म्हणालो. सांगितलं की उद्या आधी साहेबांकडे जातो, लेखी देतो, तुझं निलंबन रद्द होईल. तर म्हणाला, "नोकरीचं नंतर बघू. गेली तर दुसरी शोधीन. आधी तिला सांगा. साहेबांकडून तिला कळलं तर ती पुन्हा कोणावरच विश्वास ठेवणार नाही." एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड केलं. म्हणून हे पत्र. तुझ्या समोर बसून सांगण्याएवढा धीर शेवटपर्यंत आला नाही, म्हणून त्याचं म्हणणं मी अर्धंच पाळलं. तू घरी येशील तेव्हा मी चौकशी कार्यालयात असेन, लेखी जबाब खिशात आहे. तिथून लंबूच्या आईकडे जायची परवानगी मागणार आहे, देतील न देतील. मला कदाचित आज घरी सोडणार नाहीत. तू तिकडे येऊ नकोस, माझ्यासाठी वकील शोधत बसू नकोस, माझं तोंड बघायचं की नाही तेही आज ठरवू नकोस. तुझ्या नवऱ्याने दोन दिवस काही खाल्लेलं नाही. चप्पल काढू नकोस, तशीच मागे फिर आणि त्याच्याकडे जा. दार लगेच उघडणार नाही. उघडेपर्यंत वाजव.

तुझाच, अजून म्हणवत असेल तर,
बाबा