तब्येत कोणाची, ते लिहावे

मुरुड, गुरुवार

चि. निकेश यास,

ताईचे आशीर्वाद. तू तिकडे दोहाला टगबोटीवर वेळेवर जेवत असशील आणि पाठीला बाम लावत असशील, असं मी धरून चालते. इकडचं क्षेम लिहायची रीत आहे, म्हणून ते आहे असं समज आणि पुढे वाच. पत्र हमीदभाईंच्या हाती देते आहे. (त्यांची सुट्टी संपली, शनिवारी निघतात.) फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनमुळेच सगळं झालं, म्हणून.

जाताना तू तुझी खाऱ्या पाण्यातल्या कोरलची, म्हणजे प्रवाळाची, टाकी माझ्यावर सोपवलीस आणि तब्येत कशी बघायची तेही शिकवलंस. सकाळी फुललं आहे का, रंग धरून आहे का, बुडाकडचं मांस झिजत नाही ना, बोट लागलं तर मिटतं का. मला वाटलं, वीस वर्षं मुलांचे मराठीचे पेपर तपासले, त्यात हे काय कठीण! पण मुलं निदान चुका तरी करतात. हे काहीच करत नाही. दगड म्हणावं तर जिवंत, आणि जिवंत म्हणावं तर आपल्या गणराजकाकांसारखं, ठेवलं तिथे. शेवटी नीराबाईला बोलावलं. (बाजारातली. एका नजरेत कालचा पापलेट ओळखते.) तिने पदर खोचला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचे कल्ले कुठं हायत?" कल्ले नसतात म्हटल्यावर ती चिडलीच. "मंग ताजा का शिला, वलखायचा कसा?" मग तिने तुझा निळा दिवा मालवायला लावला. इतका वेळ हिरवंगार चमकणारं कोरल एकदम भिजल्या पुठ्ठ्यासारखं दिसायला लागलं. "सुचिता, आमीबी म्हावऱ्यावर दिवा लावतो गो," एवढं बोलून ती पाटी उचलून गेली. त्यानंतर मी तुला सगळे फोटो दिवा लावूनच पाठवले, हे आता कबूल करते.

आबांचं तर तुला ठाऊकच आहे. होडी विकल्यापासून त्यांची खुर्ची टाकीसमोरच असते. "आत वारा न्हाय, तरी हालतंय बघ," म्हणत दिवस काढतात. मागच्या महिन्यात तुझा संदेश आला, 'तब्येत कशी?' मी लिहिलं, 'रंग उतरलाय. खाणं नाही. सकाळपासून तोंड मिटून.' (शाळेत मी "कर्ता कुठे आहे?" म्हणून लाल रेघा ओढते, आणि घरी हे असं.) तुझं उत्तर आलं, 'घाबरू नको. मीठ कमी पडलं असेल, हळूहळू वाढव. उजेड कमी कर. सारखा हात लावू नको.' शेवटचं वाक्य मला लागलं. पण वाटलं, तिकडच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगतोयस. मी खिडक्या लावल्या, आबांना सारखं हात लावून बघायचं बंद केलं, आणि मिठामुळे वर्षभर बंद केलेला सुका बोंबील भाजून ताटात वाढला. आबा आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. "डॉक्टर शाना झाला," म्हणाले. मी तुला कळवलं, 'फरक आहे.' तू अंगठा पाठवलास.

चौथ्या दिवशी आबांचे पाय सुजले, बसल्या जागी धाप लागली. अलिबागला न्यायच्या आधी मी तुला त्यांचा फोटो पाठवला. गाडीत बसताना तुझं उत्तर वाचलं, 'आबांचा नाही गं ताई, कोरलचा पाठव.'

निकेश, मी चिडले नाही. तुझा दोष असता तर चिडता आलं असतं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांना लाल रेघ मारणारीला स्वतःचं वाक्य धड लिहिता आलं नाही, आणि वाटभर मी तेच वाक्य मनात दुरुस्त करत होते. तीन दिवसांनी आबांना घरी आणलं. आता ठीक आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी,
सुचिताताई

ता. क. अलिबागला होतो तेव्हा दोन दिवस वीज नव्हती, पंप बंद राहिला. कोरल गेलं. पांढरं फटक पडलंय. आबांना वाटतं, मी घासून स्वच्छ केलं. कोरल राहिलं नाही म्हणून येणं पुढे ढकलू नकोस.

ता. क. २. वर 'आता ठीक आहे' लिहिलंय, ते खरं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, दिवाळीच्या पुढचं आत्ता बोलू नका. तेव्हा रजेचं बघ. दिवाळीची नको, आत्ताची.

ता. क. ३. आबांना पत्र वाचून दाखवलं, वरच्या दोन्ही ता. क. सोडून. म्हणाले, "पोराला घोर लावू नको. लिही, आबा बरा हाय." तर, आबा बरे आहेत. त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. तू ये.