सलाईनमधली चरबी कुणाची

वडगाव रासाई

चि. जालिंदरास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडं समदी धडधाकट हायेत. तुझ्या भांडगावची खुशाली तू फोन उचलशील तवा कळंल. (अक्षर वाकडं हाय. चौथीतनं मला काढलं ते तुझा पाळणा हलवायला, तवा तू बोलू नगंस.)

माझं पाय आईसारखंच बधिर पडत चालले हुते, हे तुला ठावं हाय. पुण्याच्या डॉक्टरीणबाई धनश्री (वयानं नातीएवढी, पण बोलती सासूवानी) म्हणल्या, हा आजार आईच्या रगतातनं आलाय. लिव्हर एक वंगाळ पदार्थ बनवतंय आन् तो नसांत साचतोय. औषध हाय, पण उघडं रगतात सोडलं तर वाटंतच त्याचा चुरा हुतो. म्हणून ते चरबीच्या बारीक थेंबात गुंडाळत्यात. लिव्हरला वाटतं आपलीच चरबी आली, ते आत घेतं. आत थेंब फुटतो आन् औषध लिव्हरला सांगतं, बंद कर तुझा धंदा. आपण म्हशीला कडू गोळी गुळात घालून चारतो, तसंच.

समदं पटलं. पण चरबी म्हणल्यावर माझा हात गळ्यातल्या माळंवर गेला. माळ घातल्यापास्नं अंडं शिवलं न्हाई, आन् आता कुण्या जनावराची चरबी नसंतनं घेऊ? सुई टोचायच्या टायमाला मी हात मागं घेतला. बाईंना भेट द्यायला तुपाची बरणी नेली हुती, ती काढली आन् म्हणलं, ह्यात गुंडाळा, घरच्या म्हशीचं हाय. सून शितल खिडकीबाहेर बघाय लागली, जशी माझी कुणी न्हाईच.

बाई हसल्या न्हाईत, ही त्यांची माणुसकी. कंपनीला फोन लावून इचारलं आन् मला म्हणल्या, "आजी, बाकी सगळं कारखान्यात बनतं. एक जिन्नस तेवढा मेंढीच्या कातरलेल्या लोकरीच्या मेणातून काढतात. मेंढी मरत नाही."

लोकर म्हणल्यावर मी हात पुढं केला. उभा जन्म घोंगडीवर बसून भजनं म्हणली, लोकरीचा कसला विटाळ?

आता दर तीन आठवड्यांनी सलाईन लावून येते. गेलेलं परत आलं न्हाई, पण बधिरपणा जागीच थांबलाय. रोज भीमेच्या घाटापतुर जाते, येताना लोकांची उणीदुणी काढते. मजेत हाय.

तुझी,
सिंधूआक्का

ता.क. तुझ्या सुनंनं धाडलेलं लोणचं खारट हाय. तिला सांगू नगंस. न्हाईतर सांग.

आणखी ता.क. तुझ्या नातीच्या लग्नात तुझी एक चप्पल मांडवात निसटली आन् तू तसाच पंगतीपतुर चालत गेलास. तुला कळलं बी न्हाई. लोक म्हणले, प्यालाय. मी बी व्हय म्हणून मान डोलवली, खरं बोलले असते तर तू घास गिळला नसतास. मंगळवारी शितल गाडी घेऊन तुझ्या दारात येईल, तुझं रगत तपासायचं हाय. न्हाई म्हणायच्या आधी मागल्या शिटावर कोण बसलंय ते बघ.