सगुणाबाईंच्या पावत्या

आष्टी, ता. परतूर

प्रिय मुकुल,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू दुसऱ्याच मिनिटाला ‘आई, मीटिंग आहे’ म्हणतोस. म्हणून लिहितेय. निवांत बसून वाच, मध्येच मोबाईल बघू नकोस.

मिरची कांडपाचं यंत्र आलेलं नाही. बँकेच्या साहेबांनी माझा कर्जाचा अर्ज परत केला, हे तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तुझ्या मोटारसायकलच्या वेळी माझा सिबिल स्कोअर सातशे चौपन्न निघाला होता. ‘आई, माझ्यापेक्षा जास्त!’ म्हणून तू हसला होतास आणि मी आठ दिवस गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकीला तो आकडा ऐकवला होता. या खेपेला निघाला पाचशे अठ्ठ्याण्णव. पंधरा वर्षं गिरणी चालवते, विजेच्या बिलाची तारीखसुद्धा कधी चुकवली नाही. 

त्या संध्याकाळी तुला फोन केला, तर तू म्हणालास, गटाच्या कर्जावर तुझी सही आहे ना, मग भरणा कोण करतं ते बघ. शिकलेल्या मुलाचा सल्ला, मला पटला. बचत गटाचा भरणा सहा वर्षं सगुणाबाई करतात. चौदा जणींचे हप्ते पिशवीत घालून त्याच दर महिन्याला परतूरला जातात. आपल्याकडे ती पिशवी वाटेल तिच्या हाती देत नाहीत, हे तू लहानपणापासून बघतोस. पण यंदा त्यांचे मालक कचरूभाऊ दोन महिने दवाखान्यात होते, आणि माझ्या मनाने लगेच नको ते जुळवलं. गटाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर मी त्यांना विचारलं, आमचे हप्ते दवाखान्यात तर गेले नाहीत ना?

त्या रडल्या नाहीत. घरी जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आल्या आणि सहा वर्षांच्या पावत्या एकेक करून सतरंजीवर मांडल्या. एकही महिना सुटलेला नव्हता. ‘विमलबाई, आमच्या घरी चूल पेटली न्हाई असे दिवस गेले, पण तुमच्या पैशाला हात लावला न्हाई,’ एवढंच बोलल्या. पिशवी माझ्यासमोर ठेवून उठून गेल्या. तेव्हापासून गटात येत नाहीत, दळणही दुसऱ्या गिरणीवर नेतात. आणि गावाचं तोंड कोण धरणार? काहीतरी असल्याशिवाय पिशवी सोडली का, असं आता बायका बोलायला लागल्या आहेत.

मग मीही इरेला पेटले. साहेबांना म्हटलं, अख्खा रिपोर्ट छापून द्या, चूक असेल तर मी तक्रार करणार. त्यांनी शेजारी बसवून ओळन् ओळ वाचून दाखवली. गटाचं कर्ज बिलकुल बराबर होतं. तक्रार करायला जागाच नव्हती, कारण रिपोर्ट खरा होता. खाली तुझी मोटारसायकल होती, सहकर्जदार म्हणून माझं नाव, आणि लागोपाठ चार हप्ते थकलेले.

तुला काय अडचण आली ते मी विचारत नाही. अडचण कुणालाही येते, सांगितलं असतंस तर दोघांनी मिळून निभावलं असतं. पण भरणा कोण करतं ते बघ, असं तू म्हणालास तेव्हाही तुला सगळं माहीत होतं. मला राग आला आहे तो याचा.

दुसऱ्या दिवशी एसटीने नवीन जालन्याला गेले. स्टेशनजवळच्या फायनान्सच्या ऑफिसात काउंटरवरची मुलगी म्हणाली, मावशी, तडजोड करा, कमी भरा, खातं बंद करून टाकू. साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, तडजोड केली की तसा शेरा रिपोर्टात वर्षानुवर्षं राहतो. मी यंत्रासाठी साठवलेल्या पैशातून चारही हप्ते दंडासकट भरले आणि पावती घेतली. पुढचे हप्ते पगाराच्या दिवशी आपोआप कापले जातील, असं तुझ्या बँकेला तू लिहून द्यायचंस. स्कोअर एकदम चढत नाही, सहा-आठ महिने तरी जातील म्हणाले. जाऊ देत. यंत्र तुझ्या नावावर घेऊ म्हणतोस ते नको. उशिरा येईल, पण माझ्याच नावावर येईल.

काल सगुणाबाईंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा केला, पण पिशवी घेतली नाही. म्हणाल्या, ‘बोलल्या चारचौघींत, अन् माफी माझ्या ओट्यावर मागून राह्यल्या.’ खरंच आहे त्यांचं. म्हणून येत्या गुरुवारी चार वाजता, बैठकीत, मी सगळ्यांसमोर माफी मागणार आहे. ती माझ्या वाट्याची. तुझ्या वाट्याची मी मागणार नाही. रजा काढ आणि ये. माझ्या शेजारी सतरंजीवर बस आणि त्यांच्याकडे बघून सांग, हप्ते कोणी थकवले ते. तू आला नाहीस तर तुझं नाव मी घेईन. आई आहे तरी घेईन.

रागावलेली, पण तुझीच,
आई