आईच्या ओट्यावर वाघ

९ फेब्रुवारी, रविवार. अकोला.

आईचं पुन्हा तेच. दिवाळीत न्हाणीत पडली, तेव्हापासून मी आणि दादा मागे लागलोय की अकोल्याचं घर बंद कर आणि अमरावतीला माझ्याकडे चल. पोरगी पुण्याला गेल्यापासून माझी एक खोली रिकामीच आहे. आज जेवताना पहिल्यांदाच सरळ नाही म्हणाली नाही. म्हणाली, "मले एकदा मोहढाण्याले नेऊन आणा. माह्या ओट्यावर बसतो जराशी. मंग सांगतो काय ते."

दादा परतवाड्याहून फोनवर लगेच हो म्हणाला. त्याचं काय जातं! मोहढाणा आता आहे कुठे? व्याघ्रप्रकल्पासाठी आमचं गाव उठवून अकोटकडे वसवलं त्याला कितीतरी वर्षं झाली. मेळघाटात त्या जागी नुसतं गवत आहे म्हणे. सफारीच्या जिप्सीशिवाय आत जाता येत नाही, आणि जिप्सीतून खाली उतरू देत नाहीत. हे आईला सांगणार कोण? मी तर नाही.

१२ फेब्रुवारी.

दादानं शनिवार सकाळची सफारी बुक केली. "उतरायचं काय?" विचारलं तर "बघू नं तिथं गेल्यावर." आयुष्यभर बघूच.

आईचा फोन. ठेचा किती करू? वाघाच्या जंगलात ठेचा.

दिवसभर ओटाच डोक्यात. बाबा मोहढाण्याच्या जि. प. शाळेत मास्तर. आई लग्न होऊन तिथे आली तेव्हा सगळी कोरकू आदिवासींची घरं. त्यांची बोली हिला येईना, हिची त्यांना कळेना. दारापुढे चिखल, म्हणून हिनं आणि शेजारच्या फुलाईनं नाल्यातले दगड डोक्यावर वाहून ओटा बांधला. दगड वाहता वाहताच दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या. मग रोज संध्याकाळी गावातल्या सगळ्या बाया त्या ओट्यावर. आई सांगते, त्याआधी रोज रडायची, नंतर वेळच मिळाला नाही.

मी अक्षरं त्याच ओट्यावर गिरवली. उन्हाळ्यात कडेला मोहफुलं वाळत घातलेली असायची. तो गोड, डोक्यात चढणारा वास...

१४ फेब्रुवारी. सेमाडोह.

दादाच्या गाडीनं घाट. आईला गाडी लागेल म्हणून लिंबं घेतली, लागली मला.

उद्याचा गाईड भेटायला आला. सुखलाल. आईनं नेहमीप्रमाणे गाव विचारलं, आजा-आजीपर्यंत गेली, आणि निघाला फुलाईचा नातू! तो वाकून पाया पडला. "मास्तरीणबाई, आजी सारखी तुमचं नाव घ्यायची." आईनं त्याचा हात धरून ठेवला. फुलाईचं विचारलं.

"गेली. नव्या गावात घर पक्कं भेटलं, नळ आला, सारं झालं. तिचा जीवच नाही लागला."

दादा माझ्याकडे बघेना, मी दादाकडे. अमरावतीची गोष्ट आज काढली नाही.

एक चांगलं झालं. सुखलाल म्हणाला, जुन्या गावाच्या जागेवर वनरक्षकांची चौकी आहे, तेवढ्या भागात उतरता येतं, ओटा अगदी चौकीसमोर. म्हणजे बसता येईल! मला इतकं हलकं वाटलं की जेवण दोनदा वाढून घेतलं.

१५ फेब्रुवारी. सेमाडोहलाच, दुपारी.

आत्ताच लिहिते, नाहीतर...

थंडी कडाक्याची. आई नवं लालभडक पातळ नेसून तयार. सुखलाल म्हणाला, जंगलात भडक रंग नको. आई म्हणाली, "माहेरी जुनं नेसून जाऊ काय बाप्पा?" सासरच्या गावाला ती माहेरच म्हणते. शेवटी वरून दादाचा खाकी स्वेटर आणि माकडटोपी. आम्हाला हसू आवरेना.

आत सांबरं दिसली. गव्यांचा कळपच्या कळप. आईचं लक्ष कशातच नाही, ती वळणं ओळखत होती. "याच नाल्यात तुह्या बापाची सायकल वाहून गेली. नवी होती." नाला कोरडा. आमच्या घराशेजारचा आंबा आधी मी ओळखला. उंच गवत, त्यात घरांची जोती, आणि आंब्याच्या डावीकडे...

सुखलालनं हात वर केला. जिप्सी थांबली.

ओट्यावर वाघ. ऐन उन्हात पाय पसरून, शेपटी कडेवरून खाली सोडून.

आम्ही पोरं त्या गावात वाढलो, पण वाघ कधी पाहिला नव्हता. नुसता ऐकायचा, आणि आईच्या कुशीत शिरायचं. आज पाहिला. देखणाच. खोटं कशाला लिहू, क्षणभर मी ओटा विसरले, आई विसरले.

दादा पुटपुटला, "आई, वाघ! दिसला काय?"

"दिसला नं. कुठी बसला तेही दिसते. माह्या ओट्यावर बसून राह्यला लेकाचा."

सुखलाल खालमानेनं म्हणाला, "आता नाही उतरता येत, मास्तरीणबाई." मागून आणखी जिप्स्या आल्या. सगळे श्वास रोखून, कॅमेरे लावून. हा उठू नये म्हणून जो तो देव पाण्यात ठेवून. तो उठावा असं वाटणारी एकटी आमची आई. दोन्ही हातांनी गज धरून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे ऊठ नं बाप्पा. जराशी बसू दे मले."

सगळ्यांनी शू शू केलं. वाघानं एक कान वळवला, डोकं पंजांवर ठेवलं, डोळे मिटले.

वेळ संपली, फाटकाकडे परत फिरावं लागलं. आई मान वळवून बघत राहिली, आंबा दिसेनासा होईपर्यंत. मी रडले. ती नाही रडली. फाटकाबाहेर बसून भाकरी-ठेचा पोटभर खाल्ला, सुखलाललाही वाढला.

१६ फेब्रुवारी. अमरावती.

दादानं वाघाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सकाळपासून अभिनंदन. जसं काही आम्हीच वाघ आणून बसवला. ओट्याचं कोणालाच माहीत नाही.

आई अकोल्याला उतरली.

१८ फेब्रुवारी.

राहवलं नाही. फोन केला. "आई, मग? काय ठरवलं?"

"ओट्यावर बसून सांगतो म्हटलं होतं. बसली काय मी?"

"आता वाघाला आम्ही काय करणार?"

"तेच म्हणतो. एवढ्या गाड्या आल्या, एवढे लोक आले. त्याले कोणी ऊठ म्हटलं काय? मंग मलेच काहून ऊठ म्हणता वं?"

मला राग आला. पडली तर कोण उचलणार हिला? मी अमरावतीहून धावत येईपर्यंत काय होईल? तेच बोलायला तोंड उघडलं, तर तिकडून हळूच, "पण ओटा गार नाही पडला म्हणा. कोणी तरी बसते त्याच्यावर. फुलाईले सांगाले पाह्यजे होतं."

फोन ठेवला. पोरीच्या खोलीचं दार उघडून पाहिलं. गादीवर धूळ.

२३ फेब्रुवारी, रविवार. अकोला.

दोन दिवसांचे कपडे घेऊन आले. आई बाहेरच्या पायरीवर उन्हात पाय पसरून बसलेली, शेजारणीशी गप्पा चाललेल्या. मला पाहून उठली नाही. "चहा ठेव, माह्यापण," एवढंच.

पिशवी ठेवायला आतलं कपाट उघडलं. मधला कप्पा पूर्ण रिकामा, पुसून खाली कागद घातलेला. तिचे कपडे पलंगावर घड्या करून. माझ्याकडे यायला म्हणून काढलेत, की मला जागा केली? विचारायला बाहेर आले.

तिनं सरकून पायरीवर जागा केली. बसले. चहा विसरलाच.