सर ह्यूच्या थडग्यावरचा शब्द

नेदर विथी, ४ डिसेंबर १९२३

ती. केझाया मावशीस,
डॉर्कसचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. चर्चच्या आवारातल्या सर ह्यूच्या थडग्यावर ‘भल्या विधवांस पाव’ असं कोरलंय, असं मी कळवलं होतं. त्यातल्या पहिल्या शब्दावर दगडफूल चढलंय. ‘भ’ आणि ‘ल्या’ तेवढे दिसतात. मधे काही नाही, असं मी चर्चचे कारभारी मिस्टर पिंचबेक सांगतात तसं धरलं. काल कागद लावून कोळसा घासला. शब्द ‘भुकेल्या’ आहे. पुन्हा घासला, तरी तोच.

म्हणजे सेंट थॉमसच्या दिवशी, एकवीस डिसेंबरला, सर ह्यूच्या देणगीतले पाव थडग्यावर मांडून ‘भली कोण’ ते ठरवायचा पिंचबेकना अधिकारच नाही. काकांच्या दफनात तू हसलीस म्हणून तुला वगळलं, तेही चूक. पण शाळेतली माझी नोकरी त्यांच्याच हातात आहे. घरात शिकलेली मी एकटी, आणि मलाच घाम फुटलाय. काय करू?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी डॉर्कस

मिल एंड, ८ डिसेंबर

चि. डॉर्कस हिस आशीर्वाद.

हसले, कारण पेटी खड्ड्यात शिरेना. तुझा काका जिवंतपणीही कुठे सरळ घरात शिरायचा? एवढ्यावरून मी वाईट, आणि शेजारणीची कोंबडी शिजवणारी ती मिसेस गॉज भली! त्या पिंचबेकला स्वतःच्या पोटापलीकडचं थडगं दिसत नाही, शब्द कुठून दिसणार? पाव सर ह्यूइतकाच कडक असतो म्हणा. पण सध्या उकडलेल्या सलगमवर आहे, तोही चालेल.

नोकरीची भीती असेल तर गप्प बस. फक्त मग इतक्या सुंदर अक्षरात पत्रं लिहू नकोस. उगाच शिकवलं असं वाटतं.

केझाया

नेदर विथी, १२ डिसेंबर

ती. मावशीस सा. न.

पिंचबेकना कागद दाखवला. म्हणाले, पाथरवट चुकला असणार. भुकेलं तर कुणीही असतं, त्यात विधवेचं कर्तृत्व काय! शिवाय दगडफूल देवाने वाढवलंय, त्याला हात लावायचा नाही.

नाही लावणार. पण पाव वाटण्याआधी शाळेतल्या बाईंनी थडग्यावरचा लेख मोठ्याने वाचायचा, ही त्यांचीच लाडकी रीत, आणि यंदा वाचणारी मी आहे. मी ‘भुकेल्या’च वाचणार. तू लाल टोपी घालून अगदी पुढे उभी राहा, आणि कृपा करून हसू नकोस.

तुझ्या लोभाचा पाव मला आधीच मिळालाय. तुझा मी वाचून मिळवते, शुक्रवारी, एकवीस डिसेंबरला.

डॉर्कस