टाचेला लागलेली फक्की

७ जानेवारी १९९६, रविवार

पुन्हा डावीकडे! सगळेच्या सगळे चेंडू. एक तर थेट बाभळीत.

मच्छिंद्र कॅम्पातल्या गोल्फच्या मैदानावर जन्मभर कॅडी, साहेबांच्या स्टिका वाहणारा. भल्याभल्या साहेबांना त्याने शिकवलं, पण माझ्यापुढे हात टेकले. त्याचं एकच पालुपद — "बाई, स्टिक जिथं ठेवताल तिथंच परत येती. ठेवनं नीट करा."

नीट ठेवू कशी? शेजारच्या मेजरीणबाई बदली होऊन जाताना नवऱ्याच्या दोन जुन्या स्टिका देऊन गेल्या, सात नंबरची आणि पाच नंबरची. मेजर साहेब ताडमाड, मी ही एवढीशी. सात नंबरची जमिनीवर टेकवली की पात्याची फक्त दांड्याकडची टाच टेकते, पुढचं टोक वरच. नाक मुरडल्यासारखं.

८ जानेवारी

हे हसले. सत्तेचाळिसाव्या वर्षी विटीदांडू, म्हणे.

मीही बोलून गेले — मार्चातल्या बायकांच्या मॅचपर्यंत चेंडू सरळ गेला नाही तर दोन्ही स्टिका क्लबात देऊन टाकीन, पुन्हा नाव काढणार नाही. बोलले खरी! आता माघार नाही. शाळेत गुडघ्याचं निमित्त करून माझी कबड्डीची टीम काढून घेतली. वीस वर्षं उभी केलेली टीम. वर हेडमास्तर म्हणतात, "बाई, आता बसून घ्या." बसते कशाला!

२१ जानेवारी

मैदान आखायची फक्की शाळेतून पुडीत बांधून आणली. मुरमावर पसरली आणि चेंडूशिवाय नुसतीच स्टिक फिरवली. उलटी करून पाहते तर तळाला पांढरं लागलंय फक्त टाचेकडे. टोक कोरडं! म्हणजे मारतानाही टाचच घासते आणि चेंडू डावीकडे जातो. चोर सापडला.

पुसायची विसरले, तशीच दाराशी उभी केली. फरशी पांढरी झाली म्हणून हे कुरकुरले. बराच वेळ स्टिक हातात धरून कुरकुरत होते.

२५ जानेवारी

मूठ सैल झालीय म्हणून हे स्टिक एमआयडीसीत त्यांच्या वर्कशॉपला घेऊन गेले. मला तर कधी सैल लागली नाही. पण जातीचा फिटर, सगळं जगच सैल दिसतं.

२८ जानेवारी

आज टेकवली तर तळ सपाट! पंधरा दिवस हात थोडे वर धरायची सवय करतेय, त्याचं फळ. मच्छिंद्र म्हणाला, आता ठेवणं झ्याक.

आणि मारला — तो उजवीकडे. नंतरचे सगळे उजवीकडे! हसावं की रडावं?

फक्की टाकून पाहिली. आता पांढरं टोकाकडे, टाच कोरडी. ठेवताना सपाट, लागताना नाही. म्हणजे मच्छिंद्रचं ते "ठेवताल तिथंच येती" साफ खोटं. ठेवणं वेगळं, लागणं वेगळं! ऐन मारण्याच्या वेळी माझं काहीतरी बदलतं. काय ते कळत नाही. शोधून काढीनच.

११ फेब्रुवारी

उजवीकडे. तळहात सोलले. उद्या पट्टी बांधून जाणार.

१८ फेब्रुवारी

मच्छिंद्र म्हणतो, "तारंपल्याड एक लुनावाला हुबा ऱ्हातो, बाई. मफलर गुंडाळून. तुमी मारता तवा बघतो."

मी मान वळवली नाही. बघू दे. म्हातारीची फजिती बघायला तिकीट थोडंच आहे.

२ मार्च

मूठ पुन्हा सैल म्हणे! पुन्हा घेऊन गेले. मॅच तोंडावर आलीय आणि ह्यांना आत्ताच सुचतं. चांगलीच भांडले.

३ मार्च

सरळ!!!

आधी विश्वासच बसेना. टेकवताना टोक किंचित वर दिसत होतं. मच्छिंद्र म्हणाला, हात वर घ्या. नाही घेतले. म्हटलं, ठेवणं वेगळं, लागणं वेगळं, मारून तर बघू. गेला ना सुतासारखा! दुसराही. तिसरा थोडा हुकला. फक्की अगदी मधोमध.

येताना रिक्षात रडूच आलं. कोणी पाहिलं नाही.

२४ मार्च

मॅच झाली. माझा नंबर चौथा. पण चेंडू सरळ! स्टिका द्यायच्या नाहीत.

घरी येऊन ह्यांना ऐकवलं — कोणाची मदत नाही, काही नाही, माझी मी शिकले. विटीदांडू म्हणत होतात ना? हे "हं" म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

२६ मार्च

सात नंबरची राखेने घासायला घेतली. दांडा पात्याला मिळतो त्या मानेवर वर्कशॉपातल्या वाइसच्या पकडीचे दात उमटलेत. एकदा नाही, दोनदा. मूठ जुनीच, तिची चिकटपट्टीसुद्धा तीच.

विचारलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "पहिल्यांदा तू टेकवती तशी बघून वाकवली. चुकलं. मारताना तुझे हात वर येतात, टोक घासतं. म्हणून थोडी परत उलटी वाकवली."

ह्यांना मी मैदानावर एकदाही पाहिलेलं नाही. बाहेर जाऊन बघते तर ह्यांच्या लुनाच्या हँडलला मफलर, एवढ्या उन्हाळ्यात.

राग आला. माझी मी म्हणून मिरवले त्याचा जास्त आला. जेवणं उरकली. मग कपाटामागून पाच नंबरची काढली, अंगणात फक्की टाकून एकदा फिरवली, आणि तळ न पुसता त्यांच्यापुढे ठेवली.