नगाऱ्याला वर का घेतलं नाही

ती. ताईच्या चरणी धाकटीचा साष्टांग नमस्कार. (तू पाय मागे घेशील हे ठाऊक आहे, तरी वाकले असं समज.) भावजींची कंबर आता कशी आहे? तुझा गुडघा? आमच्याकडे देवाच्या कृपेने दोन वेळचं पोटात जातंय.

रविवारी तू लेकाला घेऊन अचानक आलीस आणि मी तुम्हाला जिन्याखालीच थांबवलं. सख्खी बहीण खिडकीतून बोलली, पाण्यालाही विचारलं नाही, म्हणून तू तोंड फिरवून गेलीस. (तांब्या दोरीला बांधून सोडणार होते, पण गाठच बसेना.) आता कारण ऐक.

दोघींच्या पदरी एकच दुखणं आलंय, ते सिस्टिक फायब्रोसिस, छातीत गोंदासारखा कफ. तुझ्या लेकाला, नगाऱ्याला, आणि माझ्या लेकीला, साळुंकीला. सुट्टीआधी आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या दुखण्याच्या मुलांना एकमेकांची संगत बरी नाही." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, आमचा भाचा वाया गेलेला नाही. रोज देवापुढे बसतो, तोंडात शिवी म्हणून नाही." त्या काही समजावू बघत होत्या, पण मी मॅट्रिक पास, मला आधीच सगळं समजलेलं. त्याच तिरीमिरीत तुला कळवलं, नगाऱ्याला आठ दिवस पाठवच.

पाठवलास. काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू नये. पेले वेगळे, ताटं वेगळी, चमच्यांना लाल-निळा दोरा. दाराच्या कड्या उकळत्या पाण्याने पुसताना बोटं भाजून घेतली. जंतू उष्ट्यातून जातो, एवढंच मला शाळेत शिकवलेलं. आणि मग दोघांना एकाच खोलीत बसवून, वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून, वाफ दिली. वाफेनंतर कफ सुटायला खोकावं लागतं, पोरं कंटाळतात, म्हणून मी शर्यत लावली. जो जास्त खोल खोकेल त्याला दोन मनुका जास्त. पंच मीच. (पाच दिवस नगारा जिंकला. साळुंकीचं म्हणणं, मावशीने त्याला शिकवणी लावली आहे.) ताई, या घरात इतकं हसू कधी नव्हतं गं.

गेल्या आठवड्यात साळुंकीच्या बेडक्याचा रिपोर्ट आला. पूर्वी नव्हता असा एक जंतू निघाला, चिवट. एकदा ठाण मांडलं की छाती पोखरत जातो. तिला बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंनी टेबलापासून दारापर्यंत बोट दाखवलं. खोकल्याचे तुषार एवढे लांब जातात, मूल उठून गेलं तरी बंद खोलीच्या हवेत तरंगत राहतात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. ही मुलं मात्र एकमेकांना देऊन बसतात. "मी संगत म्हटलं ते याला," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून तो जिना. दोघांनी यापुढे एका खोलीत बसायचं नाही, कधीच. देवाकडे मागतानाही मी आता शब्द दोनदा तपासते.

तुझी,
धाकटी

ता. क. कुणी कुणाला दिला ते अजून कळलेलं नाही. नगाऱ्याचा बेडका याच आठवड्यात तपासून घे, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. आठ दिवस एका खोलीत होते हे डॉक्टरांना स्पष्ट सांग, माझं नाव घेऊन सांग. पत्र खरं एवढ्यासाठीच आहे, वरचं सगळं धीर गोळा करायला लिहिलं.

आणखी एक. साळुंकी रोज विचारते, नगारा का येत नाही. शर्यतीतल्या खोकण्यानेच जंतू गेला हे कळलं तर ती खोकणंच सोडेल, आणि खोकणं हेच तिचं औषध. म्हणून सांगितलंय, मावशी माझ्यावर रागावली आहे. तुझी पत्रं माझ्याआधी तीच फोडते. तेव्हा तपासणीचं काय ते ह्यांच्या कारखान्याच्या पत्त्यावर कळव. घरी मात्र रागाचंच पत्र पाठव. राग उरला नसेल तरी.